माझ्यासमोर तर कधी घेतली नाही

हे मी कुठेही लिहिलेलं नाही, आणि मी तर सगळं लिहिते. किराणा, गॅस सिलिंडरची तारीख, घरात कुणाला कुठली गोळी चालत नाही, फ्रीजवर आठवड्याचा मेनू. शाळेच्या ऑफिसात मुख्य लिपिक म्हणून इतकी वर्षं काढली की हातात पेन नसलं तर मला सुचत नाही. जुन्या वह्यासुद्धा टाकत नाही, वर्षाप्रमाणे लावून ठेवते. ही एक गोष्ट मात्र त्यातल्या एकाही पानावर नाही. नवऱ्याला माहीत नाही. मुलीला माहीत नाही. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून सांगणं सोपं जातंय का? असेल. पण सोपंही जात नाहीये — बघा ना, अजून मुद्द्यावर आलेच नाही.

हर्षल माझा पुतण्या. माझ्या मोठ्या दिरांचा मुलगा. दिरांना सगळे नाना म्हणतात, त्यांची मुलंही. त्यांची फैजपूरला केळीची शेती, आम्ही जळगावात. डिप्लोमा झाल्यावर हर्षलला जळगावात नोकरी लागली, शेतांच्या ठिबकचे नकाशे कॉम्प्युटरवर काढायची, आणि तो आमच्याकडे राहायला आला. बावीस वर्षांचा, काटक, उन्हात रापलेला. माझ्या जाऊबाई, आमच्या अक्का, त्याला सोडायला आल्या होत्या. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "कुंदा, पोरगं तुह्या हवाली करते वं. खायाले लाजतो तो."

खायला लाजतो! ते मी मनावर घेतलं. आणि मी जे मनावर घेते ते नीट पार पाडते, हे मला ओळखणारा कुणीही सांगेल.

सहा वर्षं मी त्याला जेवू घातलं. सकाळी दोन चमचे साखरेचा चहा आणि खारी. नाश्त्याला पोहे, वर मूठभर शेव; रविवारी कचोरी. डब्यात तेल लावलेल्या चार पोळ्या. संध्याकाळी आला की परत गोड चहा आणि अक्कांनी फैजपूरहून पाठवलेले केळीचे वेफर्स. रात्री शेवभाजी, वर तेलाची लाल तर्री, मग वरण-भात-तूप, मग काहीतरी गोड. उन्हाळ्याचे दोन महिने आमरस. फ्रीजच्या दारात कोल्ड्रिंकची मोठी बाटली — ती तर माझ्या किराणा यादीत त्याच्या नावाने असायची. तो दिवसभर खुर्चीत बसून यायचा. गल्लीच्या तोंडाशी दूध आणायला जायचं तरी मीच गाडीची किल्ली पुढे करायचे, चालण्यात वेळ जातो म्हणून. जेवण झालं की तो आडवा व्हायचा. मीच म्हणायचे, पड जरा, दमलास.

यात वाईट काय होतं? तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी वही काढून दाखवली असती. शिळं नाही, बाहेरचं नाही, वेळच्या वेळी. मला त्याचा अभिमान होता. तो अभिमान किती होता हे कळल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगते.

दर दिवाळीला आम्ही फैजपूरला जायचो. केळीचे घड तोलायचा काटा नानांच्या खळ्यात असतो. पाडव्याच्या दिवशी नाना हर्षलला त्या काट्यावर उभं करायचे. सगळे भोवती जमायचे. पहिल्या वर्षी चौसष्ट. मग एकाहत्तर. मग अठ्याहत्तर. आकडा वाचला की नाना ओरडायचे, "पाहा रे, दोन घडांपेक्षा भारी झाला भो आपला!" चुलत भाऊ शिट्ट्या मारायचे, हर्षल काट्यावरून उतरायचाच नाही, वर नाचायचा. आणि अक्का सगळ्यांसमोर माझ्याकडे वळायच्या. "कुंदानं मानूस केलं माह्या पोराले." नव्वदच्या पुढे काटा गेला त्या वर्षी त्यांनी मला साडी नेसवली. मी ती हसत नेसले.

त्यानंतर दोन महिन्यांनी त्याच्या ऑफिसात आरोग्य तपासणी झाली. लिव्हरच्या तपासणीत आकडे जास्त आले, मग सोनोग्राफी. फॅटी लिव्हर, ग्रेड दोन. फाइल घेऊन मी बरोबर गेले होते. फायली माझ्याकडेच असतात.

डॉक्टरांनी पहिल्यांदा दारूचं विचारलं. तो म्हणाला, नाही. त्यांनी परत विचारलं, मित्रांमध्ये, कधीतरी? तो म्हणाला, "नाही सर, कधीच नाही." मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि दिवसभरात काय-काय खातोस ते विचारायला लागले. हर्षलला नीट आठवेना. उत्तरं मी दिली. सकाळपासून एकेक सांगत गेले, आणि सांगता सांगता मला माझाच आवाज ऐकू यायला लागला. मध्येच म्हटलं, तेल मी आजपासून कमी करते. ते म्हणाले, कराच, पण सगळं तेलावर ढकलू नका. साखर, मैदा, ती बाटली, दिवसभराचं बसणं. लागतं त्याहून जास्त पोटात गेलं की लिव्हर त्याची चरबी करून स्वतःत साठवतं. थेंब न घेणारे असे कितीतरी जण माझ्याकडे येतात, म्हणाले. रोज चालायचं, वजन हळूहळू उतरवायचं. वेळीच केलं तर हे बरंचसं माघारी फिरतं. शेवटी मला म्हणाले, "घरी स्वयंपाक तुम्हीच करता ना?"

साधा प्रश्न होता. त्यांना आहार लिहून द्यायचा होता. मी "हो" म्हटलं ते इतकं हळू, की त्यांनी परत विचारलं.

घरी येऊन मी मेनूच्या वह्या काढल्या. आठवड्यामागून आठवडे वाचत बसले. सगळं माझं अक्षर. सुवाच्य. अक्कांना फोन केला तेव्हा म्हटलं, थोडं पित्त आहे, पथ्य दिलंय. हे पहिलं खोटं. पण मी सांगायला बसले आहे ते हे नाही — हे तर कुणीही बोललं असतं.

थांबा. आता सांगते.

त्याच सुमारास हर्षलला धुळ्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगी शिकलेली, स्वभावाने मोकळी. दोघं दोनदा भेटले. आणि दुसऱ्या भेटीत हर्षलने स्वतःहून तिला सांगितलं की माझा असा-असा रिपोर्ट आलाय, आता खाणं बदलतोय, चालायला लागलोय, तुला आधी कळलेलं बरं. घरी येऊन मला म्हणाला, "काकू, सांगून टाकलं तिला. हलकं वाटतंय." मी म्हटलं, बरं केलंस. मनात म्हटलं, काय गरज होती?

तिसऱ्या दिवशी दुपारी मला शाळेत फोन आला. शिरपूरहून, सुनंदाचा. सुनंदा माझी शाळेतली मैत्रीण, आणि त्या मुलीची सख्खी मावशी. आमच्याकडे चौकशी अशीच होते. समोरासमोर चहा-पोहे, हसणं-खिदळणं, आणि खरं काय ते विचारायला कुणाची तरी मैत्रीण, कुणाची तरी मामी. त्या फोनवर जे सांगितलं जातं तेच शेवटी धरलं जातं. हे मला माहीत होतं. मी स्वतः असे फोन केले आहेत.

"कुंदे, खरं सांग हं," सुनंदा म्हणाली. "पोरीला मुलगा पसंत आहे. पण त्याचं लिव्हरचं काहीतरी निघालंय म्हणे. लिव्हर म्हटलं की पोरीच्या वडिलांच्या डोक्यात एकच येतं बाई. घेतो का तो? तुझ्याकडेच राहतो ना, तुला माहीत असणार."

मला माहीत होतं. डॉक्टरांच्या समोर मी बसले होते. एक वाक्य पुरे होतं — नाही गं, थेंबसुद्धा नाही, माझ्या हातचं खाऊन झालंय ते. पहिला अर्धा भाग माझ्या जिभेवर आला होता. पण तो बोलले असते तर पुढचा प्रश्न काय आला असता? मग कशाने झालं? आणि ते उत्तर शिरपूरहून धुळ्याला, धुळ्याहून फैजपूरला गेलं असतं. साडी नेसवणाऱ्या अक्कांपर्यंत. काटा बघून शिट्ट्या मारणाऱ्यांपर्यंत.

मी म्हटलं, "माझ्यासमोर तर कधी घेतली नाही."

आणि वर आणखी म्हटलं, "बाहेर मित्रांमध्ये काय करतात ही मुलं, आपल्याला काय कळतं?"

ती म्हणाली, "समजले गं. तुझं नाव नाही येऊ देणार." फोन ठेवला आणि मी हजेरीपटाच्या बेरजा तपासायला घेतल्या. त्या दिवशी एकही चूक झाली नाही, हेही मला आठवतं.

बघा, यात एकही शब्द खोटा नाही. कित्येक वर्षं मी याच काठीला धरून उभी होते. शब्द खोटा नसेल तर खोटं कुठे बोलले? पण सुनंदाला काय समजलं हे मला समजलं होतं. तिने "समजले" म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. बरं!

आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर आधीच जुळवून झाली होती. नानांनी मध्यस्थाला खोदून विचारलं, आणि त्याने खरं कारण त्यांच्या तोंडावर सांगितलं.

नानांनी आम्हा सगळ्यांना फैजपूरला बोलावून घेतलं. रविवारची सकाळ होती. अंगणात खाटेवर नाना, जोत्यावर अक्का, मी त्यांच्या शेजारी, हर्षल उभा. नाना मोठ्याने बोलले नाहीत. "आपल्या घरात आजपावतो कोनी थेंब घेतला नाही," एवढंच म्हणाले, आणि मान खाली घातली. हर्षल म्हणाला, नाना, मी घेत नाही, आईची शपथ. नाना म्हणाले, आईले मधी आणू नको. मग तो माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं — साक्षीदार समोरच बसलाय, आता काय चिंता!

"काकूले विचारा ना," तो म्हणाला. "सहा वर्सं त्यांच्याकडे राहतो मी. डॉक्टरकडे पन त्याच व्हत्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अक्काही.

मला वाटलं होतं, वेळ आलीच तर मी सांगेन. तुम्हालाही स्वतःबद्दल असंच वाटत असेल. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "माझ्यासमोर तर कधी घेतली नाही, नाना."

तेच वाक्य. तयार होतं ना!

हर्षल माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. मोठ्या माणसाने काहीतरी चुकीचं वाचलं आणि ते आता स्वतःच दुरुस्त करेल, असं बघतात ना, तसं. मी दुरुस्त केलं नाही. अक्का रडायला लागल्या आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

महिन्याभरात त्याने धुळ्याला दुसरी नोकरी धरली, खोली केली. भांडणबिंडण काही नाही. जाताना माझ्या पाया पडला. मी त्याच्या सामानाची यादी करून दिली होती. ती त्याने खिशात घातली.

धुळ्यात त्याने डॉक्टरांचं ऐकलं. सगळं. स्वतः पोळ्या करायला शिकला, चहाची साखर सोडली, ऑफिसला चालत जायला लागला, चालत यायला लागला. दोन वर्षांत वीसेक किलो उतरला. सोनोग्राफी साफ आली. मला वाटलं, सुटले. आता तरी लोकांना कळेल की हे खाण्याचं आणि बसण्याचं दुखणं होतं.

लोकांना काय कळलं? की त्याने दारू सोडली.

आणखी काय कळणार होतं? घेत होता म्हणून लिव्हर बिघडलं, सोडली म्हणून सुधारलं. तो जितका बरा होत गेला तितकं ते पक्कं होत गेलं. त्याने चाललेलं प्रत्येक पाऊल माझ्या वाक्याच्या बाजूने साक्ष देत होतं. त्या दिवाळीला नानांनी त्याला जवळ घेतलं, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, आणि म्हणाले, "झालं ते झालं. सोडली ना? बस." हर्षलने तोंड उघडलं, मग मिटलं. मी तिथून चार हातांवर करंज्या तळत होते. तो "नाना, मी कधी—" म्हणायला गेला असेल, नि मग बापाचा खांद्यावरचा हात त्याला जाऊ द्यावासा वाटला नसेल. असं मला वाटतं. विचारलेलं नाही.

संध्याकाळी अक्कांनी मला कोपऱ्यात घेतलं. "तुह्या धाकानं सुटली वं त्याची. मले माहीत आहे, तू कोनाले बोलली नाही, पन आतल्या आत पोराले सुधरवलं." माझे दोन्ही हात त्यांनी कपाळाला लावले. मी हात काढून घेतले नाहीत. हेही मोजा.

एक गोष्ट मध्येच राहिली. डॉक्टरांकडून आल्यापासून माझ्या कामांच्या यादीत एक ओळ होती, 'यांची सोनोग्राफी.' नवराही त्याच ताटात जेवत होता ना! ती ओळ मी चार वर्षं एका आठवड्यातून पुढच्या आठवड्यात उतरवत राहिले. शेवटी केली. फॅटी लिव्हर, ग्रेड एक. घरी सगळ्यांना सांगितलं, जेवण बदललं, दोघं सकाळी चालायला लागलो. कुणी विचारलं नाही की हे घेतात का. यांचं लग्न झालेलं आहे. यांची चौकशी कोण करणार?

हर्षलचं लग्न उशिरा झालं. दोन स्थळं आणखी मोडली. मग पूनमचं स्थळ आलं, तेव्हा तिच्या घरच्यांना अक्कांनी स्वतः आधीच सांगून टाकलं — पूर्वी घ्यायचा, आता पूर्ण सोडली आहे, फसवणूक नको. अक्का सरळ बाई. मुलाचा नसलेला दोष त्यांनी बोलणीतच प्रामाणिकपणाने मांडला. हर्षलने तेही मान्य केलं म्हणे. एकदा सांगून बघितलं होतं त्याने खरं, आणि मी समोर बसले होते.

गेल्या मार्चमध्ये शाळेच्या कामासाठी धुळ्याला गेले होते. काम लवकर संपलं, म्हणून त्याच्या घरी गेले. पूनम चांगली मुलगी आहे, बोलकी. घर टापटीप. तिने माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा ठेवला, म्हणाली, "आमच्याकडे असाच असतो काकू, चालेल ना?" आम्ही बोलत बसलो. सहाच्या सुमारास बेल वाजली.

तिने दार उघडलं. तो चालत आला होता, कपाळावर घाम. त्याने मला पाहिलं नव्हतं. मी दाराच्या बाजूच्या खुर्चीत होते. त्याने चप्पल काढली, डब्याची पिशवी तिच्या हातात दिली, आणि थोडा वाकून तिच्या चेहऱ्यासमोर तोंड नेऊन श्वास सोडला. तिने वास घेतला, मान हलवली आणि पाणी आणायला आत गेली. ना तो काही बोलला, ना ती. पाय पुसण्याइतकं सवयीचं झालेलं होतं.

मग त्याची नजर माझ्यावर गेली. तो लाल झाला. मी पाहिलं हे त्याला कळलं. हसून म्हणाला, "अरे, काकू! कधी आली?"

"आत्ताच," मी म्हटलं.

पूनम पाणी घेऊन बाहेर आली. ती माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. हर्षल घटाघटा पाणी प्यायला. मी तास-दीड तास बसले त्या घरात. पावसाचं विचारलं, नानांच्या गुडघ्याचं सांगितलं, नवीन पडद्यांचं कौतुक केलं. तो मला स्टँडवर सोडायला आला, बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.

हर्षलने आयुष्यात दारू घेतलेली नाही. त्याचं लिव्हर माझ्या घरी, माझ्या हातचं खाऊन बिघडलं. सुनंदाचा फोन आला तेव्हा मला हे माहीत होतं, फैजपूरच्या अंगणात माहीत होतं, आणि धुळ्यातल्या त्या खुर्चीत बसले होते तेव्हाही. तो अजून रोज संध्याकाळी सहाला घरी येतो.